परदेशी निघण्याआधी कार्डाचं बघ

अगं, नौपाड्याच्या शाखेत नुसतं ‘मी सिंगापूरला चाललेय’ सांगून येऊ नकोस, तेवढ्याने कार्ड तिकडे चालेलच असं नाही. 2020 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवं कार्ड फक्त भारतात वापरण्यापुरतंच चालू असतं. बँकेच्या ॲपमध्ये परदेशातले व्यवहार तूच चालू कर. एटीएम, दुकानातलं स्वाइप आणि ऑनलाइन, प्रत्येकाचं बटण वेगळं असतं, मर्यादाही तिथेच ठरव. हे ठाण्यात असतानाच उरक, कारण तिकडे ओटीपी आला नाही तर अडकशील. बँकेत नोंदवलेल्या नंबरावर रोमिंग हवंच. दोन बँकांची कार्डं ने, वेगवेगळी ठेव. आणि दुकानदाराने ‘रुपयांत घेऊ का?’ विचारलं तर ठाम नाही म्हण. तो दर बहुतेक वेळा महाग पडतो, तिथल्या डॉलरमध्येच दे.