फुलपाखराला चारच पाय कसे? आणि 'कुंचलपाद' हे नाव का?

फोंड्यात परसातल्या काजूवर बसलेल्या तपकिरी फुलपाखराला चारच पाय दिसले, असं तुम्ही विचारलंत. ते बरोबर दिसले. पाय सहाच असतात. पण ते ज्या कुंचलपाद कुळातलं आहे, त्या कुळात पुढची जोडी आखूड होऊन छातीशी दुमडलेली असते. ती चालायला किंवा उभं राहायला उपयोगी पडत नाही. बहुतेक नरांत त्या पायांवर दाट केस असतात, अगदी रंगाच्या कुंचल्यासारखे. म्हणून मराठीत कुंचलपाद.

पण हे पाय निकामी समजू नका. अनेक जातींची मादी याच पायांनी पान थोपटून चव घेते आणि मगच अंडं घालते. मला ही गोष्ट फार विलक्षण वाटते.

कुळाचं शास्त्रीय नाव निम्फॅलिडी. त्याचा पायांशी संबंध नाही. प्राणिशास्त्रात कुळाचं नाव एखाद्या नमुना प्रजातीवरून (genus, म्हणजे जवळच्या जातींचा गट) घेतात. इथे ती 'निम्फॅलिस'. मुळाशी ग्रीक निम्फ, म्हणजे झऱ्यांच्या-रानांच्या देवता. कुळाचं नाव राफिनेस्क यांनी १८१५ मध्ये दिलं. पूर्वी वेगळी मानलेली डॅनेइडी, सॅटिरिडी ही कुळं आता यातच उपकुळं म्हणून धरतात, त्यामुळे जगभरात जाती सुमारे ६,००० झाल्या. गोव्याचं राज्य फुलपाखरू मलबार ट्री निम्फ याच कुळातलं.

तुमचं फुलपाखरू बहुधा कॉमन बॅरन असावं. त्याच्या अळ्या आंबा-काजूच्या पानांवर वाढतात. हिरवी काटेरी अळी पानाच्या मधल्या शिरेवर अशी चिकटते की हात लावेपर्यंत दिसत नाही. दिसली तर कृपया औषध मारू नका.