नोकरी करत पदवी : नकार आले म्हणून वाट सोडावी का?

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सहून एका आईने पाठवलेल्या पत्रातील मुख्य मजकूर असा :

“आम्ही पुण्याहून इकडे येऊन बरीच वर्षे झाली आणि आता आम्हाला कायम वास्तव्याचा परवानाही मिळाला आहे. मुलगी इयर थर्टीनमध्ये, म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्षात असून गणित, भौतिकशास्त्र आणि डिझाइन टेक्नॉलॉजी हे तिचे ए-लेव्हलचे (आपल्या बारावीसारख्या परीक्षेचे) विषय आहेत. तिला मेकॅनिकल इंजिनिअरिंगमध्ये डिग्री अप्रेंटिसशिप, म्हणजे नोकरी करत पदवी, करायची आहे. सप्टेंबरपासून तिने बऱ्याच कंपन्यांकडे अर्ज केले. काही ठिकाणी ऑनलाइन चाचणीतच नाव गळाले, तर एके ठिकाणी असेसमेंट सेंटरपर्यंत, म्हणजे गटचर्चा वगैरे असलेल्या पुढच्या निवडफेरीपर्यंत पोचून फेब्रुवारीत नकार आला. विद्यापीठांच्या चार ऑफर हातात आहेत. यजमानांचे म्हणणे असे की, कंपन्यांच्या नादी न लागता तिने सरळ विद्यापीठात जावे. सांगलीहून सासरे विचारतात, ‘इंजिनिअरिंगला प्रवेश मिळत असताना पोरीला कारखान्यात शिकाऊ म्हणून कशाला पाठवता?’ मुलगी आता फॉर्म उघडूनही बघत नाही. तिला पुन्हा अर्ज करायला लावावे की हा विषय इथेच मिटवावा?”

आपल्या पत्रात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. हा मार्ग तुमच्या मुलीसाठी योग्य आहे का, हा एक. आणि आलेल्या नकारांवरून तो तिच्यासाठी नाही असे समजावे का, हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर आधी देतो, कारण घरातले वातावरण सध्या त्यामुळेच गढूळ झालेले दिसते. नाही, तसे समजू नये.

विद्यापीठ प्रवेश देताना अपेक्षित श्रेणी आणि अर्जातला मजकूर पाहते, आणि मोठ्या अभ्यासक्रमात चार-पाच विद्यार्थी जास्त झाले तरी त्याचे फारसे बिघडत नाही. कंपनी मात्र माणूस नोकरीवर घेत असते. एखाद्या विभागात यंदा तिघांनाच शिकवायला अनुभवी माणसे मोकळी असतील, तर चौथा उमेदवार कितीही गुणी असला तरी तो परत पाठवला जातो, आणि त्याला येणारी ईमेल पहिल्याच चाचणीत बाद झालेल्याला येते तशीच कोरडी असते. असेसमेंट सेंटरपर्यंत पोचलेल्या मुलीने त्याआधीचे अर्जाचे, चाचणीचे आणि मुलाखतीचे टप्पे ओलांडलेले असतात, हे त्या ईमेलमध्ये कुठेही लिहिलेले नसते. ते तुम्ही तिला सांगितले पाहिजे.

सासऱ्यांच्या शंकेचे मला नवल वाटत नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली आयटीआय करून कारखान्यात लागलेली मुले त्यांनी पाहिली असणार, आणि अप्रेंटिस म्हटले की त्यांच्या डोळ्यांसमोर तेच चित्र उभे राहते. (त्यातल्या कित्येकांनी पुढे स्वतःचे वर्कशॉप काढले, त्यामुळे त्या चित्रातही कमीपणा मानण्याजोगे काही नाही, हे जाता जाता.) इंग्लंडमधली डिग्री अप्रेंटिसशिप ही २०१५ मध्ये सुरू झालेली निराळी व्यवस्था आहे. उमेदवार पहिल्या दिवसापासून कंपनीचा पगारी कर्मचारी असतो, आणि कामाच्याच वेळात, आठवड्यातून साधारण एक दिवस किंवा काही ठिकाणी सलग आठवडे जोडून, विद्यापीठाचा अभ्यास करतो. रोल्स-रॉइस, एअरबस, जग्वार लँड रोव्हर, बीएई सिस्टिम्स यांसारख्या कंपन्या असे उमेदवार घेतात, आणि अखेरीस मिळणारी पदवी वॉरिक किंवा शेफील्डसारख्या विद्यापीठाची रीतसर पदवी असते. सासऱ्यांना एवढेच कळवा की, नात इंजिनिअरिंगची पदवीच घेणार आहे. फक्त फी ती भरणार नाही, उलट तिला पगार मिळेल.

पैशाची बाजू खरोखरच मोठी आहे. इंग्लंडमध्ये पदवी अभ्यासक्रमाचे वार्षिक शुल्क २०२५–२६ मध्ये ९,५३५ पौंड आहे. राहण्या-जेवण्याचा खर्च वेगळा. २०२३ पासून कर्ज घेणाऱ्या विद्यार्थ्यांना २५,००० पौंडांवरच्या उत्पन्नाचा ९ टक्के भाग फेडीपोटी द्यावा लागतो, आणि उरलेले कर्ज ४० वर्षांनी माफ होते. अप्रेंटिसला हे कर्ज लागतच नाही. ज्या कंपन्यांचा वार्षिक वेतनखर्च ३० लाख पौंडांहून जास्त आहे, त्या २०१७ पासून त्यावरच्या रकमेवर अर्धा टक्का लेव्ही (अप्रेंटिसशिपसाठीचा कर) भरतात, आणि शिक्षणाचा खर्च त्यातून भागतो. छोट्या कंपन्यांच्या बाबतीत बहुतेक भार सरकार उचलते. अप्रेंटिसचे कायदेशीर किमान वेतन एप्रिल २०२६ पासून ताशी ८ पौंड असले, तरी पदवीच्या पातळीवर बहुतेक मोठ्या कंपन्या त्याहून बरेच जास्त देतात. आपल्याकडच्या कंपन्यांचे बाँड आठवून अनेक पालक मला विचारतात की, मध्येच सोडले तर फीचे पैसे परत मागतील का. सरकारी अर्थसाहाय्याचे नियम इथे स्पष्ट आहेत : शिक्षणाचा खर्च उमेदवाराकडून मागता येत नाही, त्याने अर्धवट सोडले तरीही नाही. करारातल्या बाकीच्या अटी मात्र सहीपूर्वी नीट वाचाव्यात.

तुमच्या कुटुंबाला लागू नसले, तरी जी कुटुंबे अजून स्किल्ड वर्कर व्हिसावर, म्हणजे नोकरीसाठीच्या व्हिसावर आहेत त्यांच्यासाठी इथे थोडे थांबणे आवश्यक वाटते. कायम वास्तव्याचा परवाना नसलेल्या कुटुंबातील मुलाला विद्यापीठ सहसा परदेशी विद्यार्थ्याचे शुल्क लावते, आणि तो आकडा ऐकून अनेकांच्या पोटात गोळा येतो. डिग्री अप्रेंटिसशिपचे नियम वेगळे आहेत. इथे काम करण्याचा हक्क असेल आणि शिक्षणाव्यतिरिक्त अन्य कारणाने मागची तीन वर्षे इथे कायदेशीर वास्तव्य झाले असेल, तर डिपेंडंट (आईवडिलांवर अवलंबून असलेल्याच्या) व्हिसावरील मूलही सरकारी अर्थसाहाय्याला पात्र ठरू शकते. ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ (सरकारी मदतनिधीचा लाभ नाही) हा व्हिसावरचा शेरा त्याच्या आड येत नाही. पण पुढे तीन अडथळे आहेत. व्हिसाच्या मुदतीत अभ्यासक्रम पूर्ण होणार नाही हे उघड असेल, तर जागा मिळत नाही. संरक्षण क्षेत्रातल्या बऱ्याच जागांना नागरिकत्वाची किंवा सुरक्षा पडताळणीची अट असते. आणि अठरा वर्षांवरील मुलाला डिपेंडंट म्हणून मुदतवाढ हवी असेल, तर तो स्वतंत्र आयुष्य जगत नाही असे दाखवावे लागते. पूर्ण पगाराची नोकरी आणि दुसऱ्या शहरातले घर यांमुळे नेमका तोच मुद्दा अडचणीचा होऊ शकतो. अशा कुटुंबांनी ऑफर स्वीकारण्यापूर्वी अधिकृत इमिग्रेशन सल्लागाराला फी देऊन विचारावे, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर विचारू नये.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळतो. हा मार्ग प्रत्येक मुलासाठी नाही, हे मी ठामपणे सांगतो. ज्याला अजून विषयच पक्का ठरवता आलेला नाही, ज्याला संशोधनाकडे जायचे आहे, किंवा ज्याला घरापासून दूर विद्यापीठातले मोकळे दिवस मनापासून हवे आहेत, त्याने विद्यापीठात जावे आणि कर्जाची भीती बाळगू नये. अप्रेंटिसला उन्हाळ्याची लांब सुट्टी नसते. कायद्याने मिळणारी रजा सार्वजनिक सुट्ट्या धरून २८ दिवसांची असते. इंजिनिअरिंगची पदवी यात बहुधा चार-पाच वर्षे चालते. दिवसभर काम करून आलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला रात्री असाइनमेंट लिहावी लागते, तेव्हा तिच्या मैत्रिणी कुठे असतात हे तिला इन्स्टाग्रामवर दिसत असते. तुमच्या मुलीने डिझाइन टेक्नॉलॉजी हा विषय घेतला आणि इतके महिने स्वतःहून अर्ज केले, यावरून तिचा कल मला खरा वाटतो. तरीही, या वेळापत्रकाचा विचार करूनही तुला हेच हवे आहे का, हा प्रश्न तिला एकदा शांतपणे विचारा आणि जे उत्तर येईल ते मान्य करा.

उत्तर होकारार्थी आले, तर पुन्हा अर्ज करायचे, पण तेच अर्ज तसेच पुन्हा धाडायचे नाहीत. ज्या कंपनीने असेसमेंट सेंटरनंतर नकार दिला, तिच्याकडून तिने अभिप्राय मागवावा. या टप्प्यावर पुष्कळ कंपन्या तो देतात, आणि त्या चार ओळी इतर कोणत्याही सल्ल्यापेक्षा मोलाच्या असतात. पुढे काय दुरुस्त करावे लागेल, याचा मला एक अंदाज आहे.

आपली मुले अर्जात उणी पडतात ती बहुधा गुणांमुळे नव्हे. ‘एखाद्या अडचणीतून मार्ग काढल्याचा प्रसंग सांगा’ या प्रश्नाला ती ‘मी मेहनती आहे, मला सांघिक काम आवडते’ असे उत्तर लिहितात. वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. समजा, मंडळाच्या गणेशोत्सवात छोट्यांचे नाटक सुरू होण्याच्या तोंडावर ध्वनियंत्रणा बंद पडली आणि ती तुमच्या मुलीने सुरू केली. तिने आधी कोणती केबल काढून पाहिली, बिघाड मिक्सरमध्ये नसून एक्स्टेन्शनमध्ये आहे हे कशावरून ओळखले, तोवर निवेदकाला काय करायला सांगितले आणि पुढच्या वर्षीसाठी कोणती यादी करून ठेवली, हे सगळे तिने क्रमाने लिहिले, तर भरती करणाऱ्याला हवे असते ते सर्व त्या एका परिच्छेदात येते. मुले हे लिहीत नाहीत, कारण मंडळातले काम मोजण्यासारखे आहे असे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते.

असेसमेंट सेंटरमधल्या गटचर्चेत दुसरी अडचण येते. टेबलाभोवती सहा मुले, समोर एखाद्या कारखान्याच्या रखडलेल्या पुरवठ्याची चार पाने आणि भिंतीलगत वहीत टिपणे घेणारी दोन माणसे. दुसऱ्याचे बोलणे मध्येच तोडू नये, असे वळण आपण घरी लावलेले असते, म्हणून आपले मूल ‘आपल्याला विचारतील तेव्हा बोलू’ या विचाराने गप्प राहते. कुणीही विचारत नाही, आणि वेळ संपते. याचा सराव घरी करता येतो. कागदातला एखादा आकडा पकडून ‘हा पुरवठादार स्वस्त आहे, पण त्याला सहा आठवडे लागतात आणि आपल्याकडे चारच आहेत’ असे एक वाक्य सुरुवातीच्या पाच मिनिटांत बोलणे, आणि नंतर गप्प बसलेल्या एखाद्याला ‘तुला काय वाटते?’ असे विचारणे, एवढे जमले तरी तिची नोंद घेतली जाते. मोठमोठ्याने बोलणाऱ्याला जास्त गुण मिळतात, हा समज चुकीचा आहे.

यजमानांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे, आणि ते त्यांना तसे सांगायला हरकत नाही. विद्यापीठाचा दरवाजा बंद करू नये. अप्रेंटिसशिपचे अर्ज यूकास या विद्यापीठ-प्रवेशाच्या केंद्रीय व्यवस्थेतल्या पाच पर्यायांत मोजले जात नाहीत, त्यामुळे तिने चार ऑफरमधून एक फर्म (पहिली पसंती) आणि एक इन्शुरन्स (राखीव पर्याय) म्हणून मुदतीत निवडून ठेवावी. अप्रेंटिसशिपला सर्वांसाठी मिळून एक अशी अंतिम तारीख नसते. प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीने जागा जाहीर करते, आणि उन्हाळ्यापर्यंत सरकारच्या ‘फाइंड अ‍ॅन अप्रेंटिसशिप’ या संकेतस्थळावर नव्या जागा येत राहतात. नामांकित कंपन्यांच्या पलीकडे पाहावे, हा माझा आग्रह आहे. रेल्वेचे सिग्नल, पाणीपुरवठा, पुलांची देखभाल, वैद्यकीय उपकरणे या क्षेत्रांतल्या मध्यम आकाराच्या कंपन्यांकडे तुलनेने कमी मुले वळतात. ऑगस्टमध्ये निकाल लागेपर्यंत काहीच हाती आले नाही, तर ती विद्यापीठात जाऊ शकते; किंवा विद्यापीठ तयार असेल तर प्रवेश वर्षभर पुढे ढकलून, हातात आलेल्या श्रेणींसह, सप्टेंबरमध्ये नव्या हंगामासाठी अर्ज करू शकते. पदवीच्या पातळीवर अर्थसाहाय्याला वयाची मर्यादा नाही. एकविसाव्या वर्षापर्यंतची अट जानेवारी २०२६ पासून आली आहे ती लेव्हल सेव्हनसाठी, म्हणजे पदव्युत्तर पातळीसाठी. नातेवाईक या दोन गोष्टींची गल्लत करून घाबरवतात.

जागा मिळाल्यावरही ठेचा लागतातच, आणि त्या आधीच ठाऊक असलेल्या बऱ्या. पहिल्या वर्षाच्या गणिताच्या पेपरात नापास होणे, ज्याने निवडले तो मॅनेजर बदलणे आणि नव्या मॅनेजरने अभ्यासाच्या दिवशीच काम काढणे, हे नेहमी घडणारे आहे. नापास झाल्यास फेरपरीक्षा असते. अभ्यासाचा वेळ हा कंपनीने केलेला उपकार नसून नियमाने ठरलेला भाग आहे. तो मिळत नसेल तर ठरावीक काळाने होणाऱ्या आढावा बैठकीत, जिथे उमेदवार, मॅनेजर आणि विद्यापीठाचा प्रतिनिधी तिघेही असतात, तिथे हा विषय काढावा आणि त्याची लेखी नोंद करून घ्यावी. आजारपण किंवा घरातली मोठी अडचण आली, तर अधिकृतपणे अभ्यासात खंड घेता येतो. कंपनीने नोकरकपात केली तरी सगळे पाण्यात जात नाही. तीन चतुर्थांश अभ्यासक्रम झालेला असेल किंवा शेवटचे सहा महिनेच उरले असतील, तर तो पूर्ण करण्याचा खर्च सरकार करते. त्याआधी नोकरी गेली तर नवी कंपनी शोधण्यासाठी बारा आठवडे शिक्षण चालू ठेवता येते. हे बारा आठवडे झपाट्याने सरतात, त्यामुळे पत्र हातात पडल्या दिवशीच विद्यापीठाला कळवलेले बरे.

मुलीला आता महिनाभर फॉर्मबद्दल विचारू नका. मे-जूनमध्ये तिच्या ए-लेव्हलच्या परीक्षा आहेत, आणि चांगल्या श्रेणी दोन्ही वाटांवर लागणारच आहेत. फक्त अभिप्राय मागणारी ईमेल या आठवड्यात जाऊ द्या, कारण उशीर झाला की भरती विभागातली माणसे दुसऱ्या कामाला लागलेली असतात. ती ईमेल तिची तिलाच लिहू द्या. आईच्या हातचा मजकूर ओळखू येतो. परीक्षा संपल्यावर तिने आठवड्याला दोन-तीनच अर्ज करावेत, पण प्रत्येकासाठी ती कंपनी काय बनवते आणि कुठे बनवते हे वाचून करावेत. लंडनच्या महाराष्ट्र मंडळात किंवा तुमच्या जवळच्या मंडळात कुणाचा मुलगा वा मुलगी हा अभ्यासक्रम करत असेल, तर तासभर भेट ठरवा आणि त्या दोघांना बोलायला बसवून तुम्ही चहा करायला स्वयंपाकघरात जा.