पाळी नियमित, तरी नळी बंद?

प्रश्न : वय 29, लग्नाला 4 वर्षं झाली. मूल नाही म्हणून बेळगावात गर्भनळ्यांचा एक्स-रे (एचएसजी) काढला. उजवी नळी गर्भपिशवीजवळ बंद, डावी टोकाशी बंद होऊन फुगलेली, असा रिपोर्ट आहे. सासूबाई म्हणतात, पाळी वेळेवर येते, मग दोष कसला? थेट टेस्ट ट्यूब करावी का?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : ताई, पाळी येते पिशवीच्या अस्तरातून, दोन्ही नळ्या बंद असल्या तरी ती चुकत नाही. नळीचं काम निराळं. तिचं झालरीसारखं टोक अंडाशयातून सुटलेलं बीज उचलतं. बीज टिकतं जेमतेम 12 ते 24 तास, आणि शुक्राणूशी त्याची गाठ नळीतच पडते. मग आतल्या सूक्ष्म केसांच्या हालचालीने गर्भ 4-5 दिवसांत पिशवीत उतरतो. संसर्गाने हे केस झडले की नळी उघडी असूनही गर्भ वाटेत अडकून तिथेच वाढू शकतो.

उजवीबद्दल इतक्यात निराश होऊ नका. पिशवीजवळ नळी फार अरुंद असते. एक्स-रेसाठी औषध सोडताना स्नायू आवळला तरी ती बंद दिसते. दुर्बिणीच्या तपासणीत निळं औषध सोडलं की खरं काय ते कळतं. काळजी डावीची आहे. तिच्यात साठलेलं पाणी पिशवीत झिरपतं, गर्भ रुजू देत नाही. टेस्ट ट्यूबचं यशही त्यामुळे जवळपास निम्म्यावर येतं. म्हणून आधी ती नळी काढतात किंवा पिशवीजवळ क्लिप लावतात. टेस्ट ट्यूबमध्ये बीज सुईने थेट अंडाशयातून घेतात, तेव्हा नळी गेल्याची भीती बाळगू नका. उजवी निरोगी निघाली तर डावीचा बंदोबस्त करून काही महिने नैसर्गिक प्रयत्नही करता येतात. मात्र त्याआधी यजमानांची वीर्यतपासणी हवीच, 2 ते 7 दिवसांच्या संयमानंतर.

आपल्याकडे नळ्या बिघडण्यामागे टीबी बऱ्याचदा असतो, खोकला-ताप काही नसताना. दुर्बिणीच्या वेळीच अस्तराचा नमुना घ्यायला सांगा. एक भाग फॉर्मलिनमध्ये, दुसरा सलाईनमध्ये. सगळाच फॉर्मलिनमध्ये टाकला तर कल्चर (जंतू वाढवून बघण्याची तपासणी) होत नाही. टीबी निघाला तर औषधं साधारण 6 महिने, सरकारी दवाखान्यात मोफत. टीबी बरा होतो, चिकटलेली नळी बहुधा सुटत नाही. क्लॅमिडियासारखा शरीरसंबंधातून पसरणारा संसर्ग निघाला तर उपचार दोघांनी एकदमच घ्यायचे.

पुढे पाळी चुकली तर शेवटच्या पाळीपासून सहाव्या आठवड्यात सोनोग्राफी करून गर्भ पिशवीतच आहे ना, हे पाहून घ्या. ओटीपोटात एका बाजूला कळ, खांद्यात दुखणं, घेरी आली तर सकाळची वाट न बघता, ऑपरेशनची सोय असलेला दवाखाना गाठा.