घराचा भाव वाढला, म्हणून घरावर कर्ज काढावे का?

प्रश्न: बेळगावच्या वडगावातील आमचे घर २००९ साली १४ लाखांना घेतले. गेल्या दिवाळीत शेजारचे तेवढेच घर ६२ लाखांना गेले. तेव्हापासून घर तारण ठेवून १५ लाख उचलावेत, चारचाकी घ्यावी, स्वयंपाकघर नवे करावे आणि गळकी स्लॅब दुरुस्त करावी, असे यांचे म्हणणे आहे. उद्यमबागेतील कारखान्यातून यांना हाती ५२ हजार मिळतात, घरखर्च ३४ हजार आहे आणि मुदत ठेव ५ लाखांची आहे.

उत्तर: ताई, स्लॅबचा खर्च जरूर करावा, मात्र गाडी आणि स्वयंपाकघरासाठी घर गहाण टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शेजारचे घर विकले गेले तेव्हा पैसा शेजाऱ्यांच्या खात्यात आला. तुमच्या घरी त्या महिन्यातही ५२ हजारच आले. भाव चढला की मालकाचा हात सैल होतो, कारण आपली ऐपत वाढल्यासारखी वाटते आणि तारणाची किंमत वाढल्याने बँकही अधिक कर्ज देऊ करते. पण हे घर विकून तुम्ही शहापुरात किंवा अनगोळात घर घ्यायला गेलात, तर चढलेला भाव तिथेही मोजावा लागेल आणि मुद्रांक व नोंदणीचा खर्च वेगळा होईल. मोठे घर विकून जो खरोखरच लहान किंवा स्वस्त घरात राहायला जातो, त्याच्याच हाती ही वाढ रोख पैसा म्हणून पडते. उलट, उद्या तुमच्या मुलाला बेळगावातच वेगळे घर घ्यायचे झाले, तर हीच भाववाढ त्याच्या पगारातून भरून द्यावी लागेल. अमेरिकेत २००६ पर्यंत भाव चढत असताना असंख्य कुटुंबांनी वाढीव किमतीवर कर्ज काढून खर्च केला. पुढे भाव कोसळले, कर्जाचा आकडा मात्र उतरला नाही, आणि त्यांना रोजच्या खर्चाला कात्री लावावी लागली.

आता तुमचा हिशेब पाहू. १५ लाखांचे कर्ज १० टक्क्यांनी १५ वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे १६,१२० रुपये बसतो आणि एकूण परतफेड २९ लाखांवर जाते. महिन्याला उरणाऱ्या १८ हजारांतून हप्ता गेल्यावर १,९०० रुपयेही राहत नाहीत. एका आजारपणाला ते पुरणार नाहीत. शिवाय दहाव्या वर्षी गाडी जुनी झालेली असेल आणि तिचे हप्ते आणखी पाच वर्षे चालू असतील.

बेळगावच्या पावसात स्लॅबचे काम लांबवू नये, कारण पाणी सळईपर्यंत पोचले की दुरुस्ती महागच होत जाते. ते मृगापूर्वी ठेवीतून करावे, मात्र सहा महिन्यांच्या घरखर्चाचे किमान २ लाख ठेवीत राहू द्यावेत. त्यानंतर वर्षभर दरमहा १६ हजार, हप्ता समजून, आवर्ती ठेवीत भरून पाहा. घरात ओढाताण न होता वर्ष निभावले, तर जमलेली रक्कम आगाऊ भरून, गाडीच्याच तारणावर पाच वर्षांचे लहान कर्ज घ्यावे. मध्येच खंड पडला, तर गाडी सध्या झेपणार नाही असे समजावे. स्वयंपाकघरातील ओटा आणि नळ एवढेच काम, ठेवीत जागा उरली तर, स्लॅबच्याच गवंड्याकडून करून घ्या.