ओक की मॅपल? आधी ती पॉलिसी बाहेर काढा

प्रश्न: वय 41, घरात कमावणारा मी एकटाच. पत्नी, दोन मुलं, वडील आणि एक कुत्रा. संपूर्ण घरात, स्वयंपाकघर-बाथरूमसकट, भरीव लाकडाची फरशी बसवायची आहे. खर्च साधारण आठ महिन्यांचा पगार. हॉलला मॅपल, बेडरूमना ओक, बाथरूमला सागवान असं शोरूमवाल्यानं सुचवलंय. फरशी जन्मभर टिकते आणि घर विकताना पैसे वसूल होतात, असं तो म्हणतो. त्यासाठी 13 टक्क्यांनी पाच वर्षांचं वैयक्तिक कर्ज घेतोय, हप्ता परवडतो. बचत खात्यात दीड पगार आहे आणि 15 वर्षांची विमा पॉलिसी चालू आहे. वर्षाला दीड पगार हप्ता, सहा हप्ते झाले, शेवटी भरलेल्याच्या दीडपट हमखास. लाकडाची निवड बरोबर आहे ना?

उत्तर: नाही. पण लाकडाकडे जरा वेळानं येऊ. सोबत जोडलेला मासिक हिशेब मी दोनदा वाचला. पगाराचे 35 टक्के गृहकर्जाच्या हप्त्यात जातात, 35 टक्के घरखर्चात, 12 टक्के पॉलिसीत. उरतात 18 टक्के, आणि फरशीच्या कर्जाचा हप्ताही बसतो 18 टक्केच. याला तुम्ही ‘परवडतो’ म्हणता! एखाद्या महिन्यात कुणी आजारी पडलं की गणित कोलमडलं. आठ पगारांच्या कर्जावर पाच वर्षांत व्याज जाईल जवळपास तीन पगार, म्हणजे फरशी अकरा पगारांना पडली.

तरी हे निस्तरता येईल. मला धडकी भरली ती पॉलिसीच्या एका ओळीनं: विमा संरक्षण पंधरा पगार. गृहकर्ज शिल्लक आहे चाळीस पगार. दहा वर्षांचा घरखर्च धरला तर आणखी बेचाळीस. मुलांचं शिक्षण धरलं तर शंभर पगारांची गरज आहे आणि हाताशी आहेत पंधरा. उद्या तुम्ही नसलात, तर गृहकर्जाचा हप्ता आणि घरखर्च मिळून हे पंधरा पगार एकवीस महिने पुरतील. वर फरशीचा हप्ता असेल तर सतरा. जमा बोनस मिळेल तो वेगळा, पण त्यानं चित्र बदलत नाही. सहा वर्षं तुम्ही समजताय की आपला विमा आहे.

आता ते ‘दीडपट हमखास’. पंधरा वर्षांत भरणार साडेबावीस पगार, मिळणार चौतीसच्या आसपास. दरवर्षीच्या हप्त्यानं हिशेब मांडला तर परतावा येतो 5 टक्के. ‘दीडपट’ ऐकायला भारदस्त वाटतं म्हणून विकणारा टक्के सांगतच नाही. एका हातानं 5 टक्क्यांवर पैसे अडकवायचे आणि दुसऱ्या हातानं 13 टक्क्यांनी उचलायचे, हा तुमचा सध्याचा बेत आहे.

क्रम चुकवू नका. आधी शुद्ध मुदत विमा घ्या, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा, शंभर पगारांच्या खाली नको. पैसे परत मिळणारा प्रकार कुणी दाखवला तर नम्रपणे नको म्हणा. अर्जात तब्येत आणि तंबाखूबद्दल खरं तेच लिहा. ती पॉलिसी हातात आल्यावरच जुनीकडे वळा, कारण पेडअप केली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून कमी रकमेवर चालू ठेवली, की तिचं संरक्षणही सहा-पंधरांशावर, म्हणजे सहा पगारांवर येईल. आता सोडली तर किती, पेडअप ठेवली तर मुदतीअखेर किती, हे दोन आकडे कंपनीकडून लेखी मागवा. एजंटला तोंडी विचारू नका.

कर्ज टाळलं आणि जुना हप्ता थांबवला, की पगाराचे 30 टक्के मोकळे होतात. नव्या विम्याचा हप्ता त्यातूनच जाईल. सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवायला सव्वाचार पगार हवेत, दीड आहेत. बाकीचे वर्षभरात जमतात. मग फरशी, रोखीनं आणि खोलीखोलीनं.

तीही कमी खर्चात. स्वयंपाकघर आणि बाथरूम यादीतून काढा. भरीव लाकूड दमटपणात रुंदीकडून फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. रोज पाणी सांडणाऱ्या जागी फळीच्या कडा उचलल्या जातात. सागवान पाण्याला दाद देत नाही हे खरं, पण सांध्यातून खाली उतरलेलं पाणी तिथेच मुरतं. तिथे टाइलच ठीक.

राहिलेल्या खोल्यांत भरीव फळीचा हट्टही सोडा. शोरूममध्ये फळी हातात घेऊन तिची कड बघा. जाडी साधारण 19 मिलिमीटर, पण मधोमध शेजारच्या फळीत अडकणारी जीभ असते. घासून नवी करायची तर त्या जिभेच्या वरचं लाकूडच कामाला येतं, जेमतेम 6 ते 8 मिलिमीटर. खालच्या लाकडाचे पैसे तुम्ही भरता आणि ते कधीच वापरत नाही. आडव्या-उभ्या थरांच्या इंजिनिअर्ड फळीवर 4 मिलिमीटरचा खरा लाकडी थर असेल तर ती दोनदा तरी घासून निघते, फुगते-आकसते कमी, आणि काँक्रीटवर बसवायलाही तीच बरी. अर्ध्या मिलिमीटरचा थर मात्र घेऊ नका, तो घासताच येत नाही.

हॉलला मॅपल नको, ओक घ्या. जँका कसोटीत 11.28 मिलिमीटरची स्टीलची गोळी लाकडात निम्मी रुतवायला किती जोर लागतो ते मोजतात. मॅपलला 1450 पौंड, लाल ओकला 1290. म्हणजे मॅपल जास्त कठीण, शोरूमवाल्यानं ते सुचवलं त्यात तथ्य आहे. पण मॅपलचा पोत गुळगुळीत, त्यावर कुत्र्याच्या नखांचा प्रत्येक ओरखडा उठून दिसतो. ओकच्या ठळक रेषांत तो लपतो. चकचकीत पॉलिशऐवजी मॅट घ्या. बेडरूममध्ये वर्दळ कमी, तिथे 1010 चं अक्रोडसुद्धा चालेल, स्वस्त मिळालं तर.

घर विकताना वसुली होणार म्हणे. तुम्ही घर विकणार आहात असं पत्रात कुठेच नाही. दहा वर्षांनी ओरखडलेल्या फरशीला नवा मालक किती भाव देईल, हे शोरूमवाल्याकडून लेखी घेऊन बघा.

वॉरंटीत घरातल्या आर्द्रतेची मर्यादा किती दिलीय तेही वाचा. ती ओलांडली तर भरपाई नाही, असं बहुधा लिहिलेलं असतं. कोटेशनवरची ‘या महिनाअखेरपर्यंत सवलत’ जाऊ द्या, पुढच्या महिन्यातही असेल. विम्याचा अर्ज मात्र याच आठवड्यात भरा.