आमदारांकडे जाण्याआधी हातात आवक क्रमांक हवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही घणसोलीत भाड्याने राहता, आईचं संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान चार महिन्यांपासून खात्यात आलेलं नाही, तुमचे आमदार कोण आणि त्यांना कसं गाठायचं, आणि तहसीलदारांचा मोबाईल नंबर कुठे मिळेल.

मी कोपरखैरणेत राहते. माझ्या विधवा मावशीचं हेच अनुदान सात महिने बंद होतं. ते सुरू होईपर्यंत मला जे कळलं ते सगळं लिहिते. महिन्याचे १५०० रुपये म्हणजे मावशीची औषधं आणि गॅस. ते थांबले की घरात काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

पहिले दोन महिने मी ज्या कार्यालयात खेपा घातल्या, तिथे दर वेळी कुणीतरी काहीतरी सांगायचं. एकदा "वरून निधी आला नाही", एकदा "बँकेत विचारा", एकदा "साहेब मीटिंगला गेलेत". तिसऱ्या महिन्यात आवक-जावकच्या खिडकीवरच्या बाईंनी मला विचारलं, "ताई, अर्ज कधी दिलात?" मी म्हटलं, मी पाच वेळा येऊन गेले. त्या म्हणाल्या, "आलात, विचारलंत आणि गेलात. कागद कुठे आहे?" त्यांनी समोरची जाड नोंदवही माझ्याकडे वळवून दाखवली. त्यात मावशीचं नाव कुठेच नव्हतं. सरकारी दफ्तराच्या हिशेबाने मी तिथे एकदाही गेले नव्हते.

त्याच दिवशी बाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून मी अर्ज लिहिला आणि दोन प्रती काढल्या. एक प्रत त्यांनी ठेवून घेतली. दुसरीवर गोल शिक्का मारला, तारीख टाकली, आवक क्रमांक लिहिला आणि सही केली. त्या शिक्क्याच्या प्रतीला पोच म्हणतात. माझं तुम्हाला सांगणं एवढंच आहे की आमदार, मंत्री, जिल्हाधिकारी, पोर्टल सगळं नंतर. आधी ही पोच हातात घ्या. आवक क्रमांक नसताना तुम्ही कुणालाही भेटलात तरी तो फक्त फोन करेल, आणि फोनची नोंद कुठल्याही वहीत होत नाही.

आता अर्ज कुणाच्या नावाने द्यायचा ते बघा. माणूस शोधू नका, पद शोधा. साहेबांची बदली होते, खुर्ची तिथेच राहते. नवी मुंबईत लोकांचा गोंधळ होतो तो इथेच. घणसोलीत पाणी, कचरा, गटार हे महापालिकेचं काम आणि त्यासाठी महापालिकेचं घणसोली विभाग कार्यालय आहे. घर सिडकोचं असेल तर त्याचं हस्तांतरण सिडकोकडे. वीज महावितरणकडे. पण तुमचं काम यापैकी कुणाचंच नाही. निराधार अनुदान हे राज्य सरकारच्या सामाजिक न्याय विभागाच्या विशेष सहाय्य योजनेत येतं आणि प्रत्यक्षात ते तहसीलदारांकडून चालतं. नवी मुंबई महापालिका वेगळी असली तरी घणसोली महसुली हिशेबाने ठाणे तालुक्यात आहे. म्हणजे तुम्हाला बेलापूरला नाही, ट्रान्सहार्बरने ठाण्याला जायचंय. माझी शेजारीण रेशनकार्डासाठीही तहसीलला गेली होती. ठाणे-नवी मुंबईच्या शहरी भागात रेशनचं काम मुंबईच्या नियंत्रक शिधावाटप यांच्या अखत्यारीत येतं, त्याची कार्यालयं वेगळी. तिचा अख्खा दिवस वाया गेला.

(खारघर, कामोठे, कळंबोलीचं कुणी हे वाचत असेल तर तुमचं वेगळं आहे. रोजच्या बोलण्यात तुम्ही नवी मुंबईकर असलात तरी तुमचा जिल्हा रायगड, तालुका आणि मतदारसंघ पनवेल, महापालिकाही पनवेलची, आणि जिल्हाधिकारी अलिबागला बसतात.)

तहसीलदारांचा मोबाईल नंबर मिळवायच्या मागे लागू नका. ठाणे जिल्ह्याच्या संकेतस्थळावर अधिकाऱ्यांची दूरध्वनी यादी आहे, तिथे कार्यालयाचा नंबर आणि ईमेल मिळतो. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात कलम ४ (१) (ख) नावाची तरतूद आहे. तिच्यात प्रत्येक कार्यालयाने १७ मुद्द्यांची माहिती स्वतःहून जाहीर करायची असते आणि अधिकारी-कर्मचाऱ्यांची निर्देशिका हा त्यातला एक मुद्दा आहे. कुठला विषय कुणाच्या टेबलावर, हे त्यातून कळतं. सरकारी ईमेल बहुतेक पदाच्या नावाने असतो, म्हणून बदली झाली तरी तो चालतो. अर्ज प्रत्यक्ष दिल्यावर पोचेचा फोटो जोडून त्या पत्त्यावर मेल टाकून ठेवा. साहेबांच्या खासगी नंबरावर रात्री व्हॉट्सअ‍ॅप केलेल्या मेसेजचा नंतर काही उपयोग होत नाही, तो अर्ज धरला जात नाही.

आता आमदार. आधी मतदार ओळखपत्र काढून बघा, किंवा १९५० या मतदार मदत क्रमांकावर विचारा. मतदार यादीत तुमचं आणि आईचं नाव अजून गावाकडेच असेल, तर कागदोपत्री तुमचे आमदार गावाकडचे. काम इथल्या कार्यालयातलं असल्याने इथे जायला हरकत नाही, पण पहिला प्रश्न तोच विचारतील, म्हणून इथल्या पत्त्याचा पुरावा सोबत ठेवा. घणसोली १५० क्रमांकाच्या ऐरोली विधानसभा मतदारसंघात येतं. ठाणे जिल्ह्यात असे १८ मतदारसंघ आहेत, १३४ भिवंडी ग्रामीणपासून १५१ बेलापूरपर्यंत. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत ऐरोलीतून गणेश नाईक निवडून आले आणि पुढे वनमंत्री झाले. शेजारच्या बेलापूरच्या आमदार मंदा म्हात्रे. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर सगळ्या सदस्यांची मतदारसंघनिहाय माहिती मिळते.

आमदार मंत्री झाला की त्याचे दोन पत्ते होतात, मतदारसंघातलं जनसंपर्क कार्यालय आणि मंत्रालयातलं दालन. तुमच्या कामाला जनसंपर्क कार्यालय पुरे. तिथे आमदारांना प्रत्यक्ष भेटायचा हट्ट धरू नका. काम स्वीय सहायक करतात. मी मावशीला घेऊन गेले तेव्हा बाहेर पंचवीसेक माणसं बसली होती, बहुतेकांच्या हातात काहीच नव्हतं. प्रत्येक जण आपली कहाणी पहिल्यापासून सांगत होता आणि सहायक वहीत नाव-नंबर लिहून घेत होते. माझ्या हातात पोच होती. त्यांनी ती पाहिली आणि लगेच टाईप करणाऱ्या मुलाला हाक मारली. दहा मिनिटांत पत्र तयार.

पत्र होतंय म्हणून तिथेच खूश होऊन निघू नका, मजकूर वाचा. नेहमीचा मजकूर असतो, "सोबतच्या अर्जाबाबत नियमानुसार योग्य ती कार्यवाही करावी." हे वाक्य रोज शेकड्याने जात असेल आणि फाईलला लावून बाजूला ठेवलं जातं. त्यांना नम्रपणे सांगा की तुमचा आवक क्रमांक आणि तारीख पत्रातच घाला, आणि शेवटी "केलेल्या कार्यवाहीबाबत या कार्यालयास व अर्जदारास लेखी कळवावे" हे वाक्य टाका. लोकप्रतिनिधींच्या पत्रांची कार्यालयात वेगळी नोंद ठेवायची असते आणि त्यांना उत्तर द्यायचं असतं. शेवटचं वाक्य असलं की ते उत्तर कुणाला तरी बसून लिहावं लागतं. आणि उत्तर लिहायला घेतलं की फाईल उघडावी लागते. मावशीच्या वेळी फाईल उघडल्यावर कळलं की तिचं खातं आधारशी जोडलेलं नव्हतं, म्हणून पैसे जातच नव्हते. बँकेतलं काम अर्ध्या तासाचं होतं. सात महिन्यांत हे एक वाक्य तिला कुणी सांगितलं नव्हतं. ते आठवलं की मला आजही राग येतो.

आमदार अधिकाऱ्याला "हिचे पैसे द्या" असा हुकूम देऊ शकत नाहीत, हेही समजून घ्या. ते विचारू शकतात, आणि सरकारी कामात विचारणा होणं हीच मोठी गोष्ट असते. आमदार निधी मिळतो, वर्षाला पाच कोटी, पण तो रस्ते, समाजमंदिर अशा सार्वजनिक कामांसाठी. कुणाच्या वैयक्तिक मदतीसाठी तो मागू नका.

मंत्रालयात थेट जावं का, असंही तुम्ही विचारलंय. नियम किंवा शासन निर्णयच चुकीचा असेल तर जा. नाहीतर तिथे दिलेला अर्ज कक्ष अधिकाऱ्याकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे, तिथून तहसीलदारांकडे आणि शेवटी त्याच टेबलावर येतो जिथे तुम्ही आत्ता एका दिवसात पोचू शकता. तरी जायचं झालंच तर डिजिप्रवेश अ‍ॅपवर आधी नोंदणी करा आणि सामान्य लोकांना प्रवेश दुपारी दोननंतर मिळतो हे लक्षात ठेवा. सकाळी नऊला मंत्रालयासमोर पोचून आईला फुटपाथवर बसवू नका. मुख्यमंत्र्यांच्या नावे निवेदन द्यायचं असेल तर बेलापूरच्या कोकण भवनात, विभागीय आयुक्तांच्या कार्यालयात मुख्यमंत्री सचिवालय कक्ष आहे. घणसोलीहून ते कितीतरी जवळ.

पोच घेतल्यावर महिनाभर काहीच हललं नाही तर लोकशाही दिन आहे. जिल्हाधिकारी कार्यालयात तो दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, ठाण्यात कोर्ट नाक्याला. विहित नमुन्यातला अर्ज पंधरा दिवस आधी द्यायचा असतो आणि त्याआधी तालुक्याच्या लोकशाही दिनात अर्ज करून टोकन घेतलेलं असावं. त्या दिवशी जिल्हाधिकारी स्वतः बसतात, संबंधित खात्यांचे अधिकारी समोर असतात आणि तुमचं नाव पुकारलं जातं. कोर्टात चालू असलेली प्रकरणं तिथे घेत नाहीत. आपले सरकार पोर्टलवरही तक्रार करता येते, २१ दिवसांत निकाली काढणं अपेक्षित असतं. पण तिथेही आवक क्रमांक लिहिला नाहीत तर "संबंधित कार्यालयात अर्ज करावा" असं उत्तर येऊन तक्रार बंद होते. माझ्या ओळखीत दोघांचं तसंच झालं.

माहितीचा अधिकार मी शेवटी वापरला असता, गरज पडली नाही. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नाही. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. "अनुदान का दिलं नाही" असं विचारू नका, त्यांच्या लेखी कारण देणं ही माहिती नाही. विचारायचं ते असं: अमुक आवक क्रमांकाचा माझा अर्ज कोणत्या तारखेला कोणत्या पदनामाच्या कर्मचाऱ्याकडे गेला, त्याच्याकडे किती दिवस होता, आणि त्यावरच्या टिपणीची प्रत द्या. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. आपल्या राज्याच्या २००५ च्या दफ्तर दिरंगाईच्या कायद्यात एका कर्मचाऱ्याकडे फाईल साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये असं म्हटलंय. त्यामुळे हा प्रश्न टेबलावर आला की फाईल पुढे सरकते.

आणखी एक, हे पुष्कळांना माहीत नसतं. तुमच्या वस्तीत आईसारख्याच दहा-वीस बायकांचं अनुदान बंद असेल, तर ते एकट्याचं काम राहत नाही, सभागृहात मांडता येतं, तारांकित प्रश्नातून (ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात) किंवा लक्षवेधी सूचनेतून (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी). पण मंत्री स्वतः प्रश्न विचारत नाहीत, त्यांना उत्तरं द्यायची असतात. ऐरोलीचे आमदार मंत्री आहेत, ठाण्यात कोपरी-पाचपाखाडी आणि ओवळा-माजिवडा मतदारसंघांचेही तसेच. अशा वेळी शेजारच्या मतदारसंघाचे आमदार किंवा विधान परिषदेचे सदस्य प्रश्न मांडू शकतात. पदवीधर असाल आणि कोकण पदवीधर मतदारसंघात नाव नोंदवलं असेल, तर निरंजन डावखरे तुमचेही प्रतिनिधी आहेत. प्रश्नाच्या सूचना अधिवेशनाच्या कितीतरी आधी द्याव्या लागतात, म्हणून डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनासाठी ऑक्टोबरातच त्यांच्या कार्यालयात सगळ्यांच्या पोचांच्या झेरॉक्स द्या.

तुमच्या बाबतीत मी या क्रमाने जाईन. उद्या बँकेत आईचं खातं आधारशी जोडलेलं आहे का ते बघा. यंदाचा हयातीचा दाखला दिला होता का ते आईला विचारा, तो दरवर्षी द्यावा लागतो आणि राहून गेला तर अनुदान थांबतं. मग अर्ज. वर "प्रति, मा. तहसीलदार, संजय गांधी योजना शाखा". विषय एकाच ओळीत. मजकूर चार वाक्यांचा: लाभार्थी केव्हापासून, शेवटची रक्कम कोणत्या महिन्यात जमा झाली, त्यानंतर काहीच नाही, आणि थांबण्याचं कारण लेखी कळवून अनुदान थकबाकीसह सुरू करावं. सोबत पासबुकाच्या शेवटच्या पानाची, आधारकार्डाची आणि मंजुरीच्या पत्राची झेरॉक्स. मंजुरीचं पत्र सापडत नसेल तर पासबुकातली पहिल्या जमेची नोंद जोडा, त्यावरून त्यांना जुनं प्रकरण काढता येतं. खाली सही किंवा अंगठा आईचाच घ्या, तुमचा नको. अर्जदार ती आहे. मोबाईल नंबर मात्र तुमचा लिहा.