बोअरच्या मोटरचे 33 ओम खरे की 4 ओम?

फुलेवाडीच्या भावाचा प्रश्न थोडक्यात असा. घरच्या बोअरवर 1 एचपीची सिंगल फेज मोटर आहे. सप्लाय 230 व्होल्ट, टाँग टेस्टर (वायरीभोवती चिमट्यासारखा धरून करंट मोजायचा मीटर) 7 अँपियर दाखवतोय. भागाकार केला तर रेझिस्टन्स 33 ओम येतो, पण मोटर बंद करून स्टार्टरच्या पेटीतून मल्टीमीटरने मोजला तर जेमतेम 4. गुणाकार केला तर 1610 वॅट, आणि 1 एचपी म्हणजे 746. मीटर बिघडलाय की मोटर?

दोन्ही धड आहेत भावा. ओमच्या नियमाचं सूत्र (व्होल्ट भागिले अँपियर म्हणजे ओम) तेवढं भलत्याच ठिकाणी लावलंय.

आधी ते जिथं चोख बसतं तिथं बघू. पाणी तापवायचा 1500 वॅटचा रॉड घ्या. 1500 भागिले 230 म्हणजे साडेसहा अँपियर, आणि 230 भागिले साडेसहा म्हणजे साधारण 35 ओम. रॉड पिनेतून काढून मोजा, मल्टीमीटरही त्याच्याच आसपास दाखवेल, कारण आतली नायक्रोमची तार तापली तरी तिचा रेझिस्टन्स फारसा बदलत नाही. संध्याकाळी व्होल्टेज 200 वर उतरलं की तोच रॉड 5.7 अँपियर ओढतो आणि पॉवर उरते 1134 वॅट. व्होल्टेज 13 टक्के पडलं, पॉवर मात्र 24 टक्के गेली, कारण पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबात चालते. 20 लिटरची बादली 30 अंशांनी तापवायला जिथं 28 मिनिटं लागायची तिथं 37 लागतात. घरात "रॉड गेलाय वाटतं" ही कुरकुर बऱ्याचदा इथूनच सुरू होते.

जुना 100 वॅटचा पिवळा बल्ब असेल तर तोही मोजून बघा. हिशोबाने 529 ओम, हातातल्या गार बल्बला चाळीसच्या आसपास. टंगस्टन तापला की रेझिस्टन्स दसपट चढतो. म्हणजे भागाकार खरा, पण त्या घडीच्या गरम तारेचा.

आता मोटर. जर्मन शास्त्रज्ञ ओमने 1827 साली नियम छापला तेव्हा त्याच्यापुढे साध्या धातूच्या तारा होत्या आणि एकाच दिशेने वाहणारा करंट. मोटरमध्ये एसी आहे, लोखंडावर गुंडाळलेली तार आहे आणि वर रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, फिरतोय. करंटला अडवण्याचं बरंचसं काम चुंबकत्व करतं, तांब्याचा वाटा थोडा. नुसत्या 4 ओमनेच करंट ठरला असता तर 57 अँपियर गेले असते आणि बटण दाबताच एमसीबी (जादा करंटला आपोआप पडणारा स्विच) पडला असता. तुमचे 33 ओम म्हणजे या सगळ्या अडवणुकीची बेरीज. त्याला इम्पीडन्स म्हणतात, आणि तो लोडप्रमाणे बदलतो.

म्हणूनच व्होल्टेज पडलं की रॉड कमी ओढतो, पण लोडवरची मोटर जास्त ओढते. पाणी तेवढंच चढवायचं असतं ना. कोल्हापूरच्या उद्यमनगरात रिवायंडिंगला येणाऱ्या मोटरी बघा, काळ्या पडलेल्या कितीतरी वाइंडिंगांमागे (आतल्या तारेच्या गुंडाळ्यांमागे) हेच कारण असतं.

मग 4 ओम निरुपयोगी का? मुळीच नाही. करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स करा: 49 गुणिले 4, साधारण 196 वॅट. एवढी वीज पाणी न चढवता नुसती तारा तापवते. कपॅसिटरवरच्या (मोटर सुरू व्हायला आणि फिरायला मदत करणाऱ्या) दुसऱ्या वाइंडिंगची भानगड सोडून मोघम हिशोब आहे हा. त्यातही पेटीतून मोजलंय म्हणजे केबल धरून. 200 फूट खोल बोअरला अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल असेल तर जाऊन-येऊन 0.9 ओम केबलचाच झाला. 6 व्होल्ट आणि 44 वॅट वाटेतच गेले. दीड एमएमची टाकली असेल तर 10 व्होल्ट. मोजताना मेन बंद, कपॅसिटर डिस्चार्ज केलेला, आणि मल्टीमीटरच्या दोन्ही वायरी एकमेकींना टेकवून जो आकडा येईल तो वजा करायचा. एवढ्या कमी ओमला त्या वायरींचाही फरक पडतो.

राहिले 1610. ते वॅट नव्हेत, व्होल्ट-अँपियर आहेत. त्यातला किती भाग खरे वॅट होतो ते पॉवर फॅक्टर सांगतो; तो 0.8 धरला तर खरे वॅट 1288. आणि नेमप्लेटवरचा 1 एचपी म्हणजे मोटर शाफ्टवर (फिरणाऱ्या दांड्यावर) देते ती पॉवर, सप्लायमधून ओढते ती नव्हे. 746 भागिले 1288 म्हणजे 58 टक्के. लहान सिंगल फेज सबमर्सिबलकडून (बोअरमध्ये पाण्यात बुडून चालणाऱ्या मोटरकडून) याहून फार अपेक्षा ठेवू नये.

पॉवर फॅक्टर अंदाजाने धरायचा नसेल तर घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त मोटर चालू ठेवा आणि वीजमीटरचा लुकलुकणारा दिवा बघा. मीटरवर एका युनिटला किती इम्पल्स ते छापलेलं असतं. 3200 असतील तर 20 लुकलुकींना लागलेले सेकंद मोजा आणि 22500 ला त्यांनी भागा. साडेसतरा सेकंद आले तर 1286 वॅट. टाँग टेस्टरमध्ये मात्र एकच वायर घाला, दोन्ही घातल्या तर शून्य दाखवेल.

हा आकडा आणि नेमप्लेटवरचे अँपियर इथं टाका. 7 अँपियर नेमप्लेटपेक्षा बरेच जास्त निघाले तर आधी कपॅसिटर तपासू, मोटर वर काढायचं नंतर बघू.